उच्च शिक्षण आणि लोकजीवन : वऱ्हाडचा अनुभव

(शिक्षक, प्राध्यापक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जमिनीचा एक विस्तीर्ण पट्टा पसरलेला आहे. वऱ्हाडात त्याला खारपाणपट्टा म्हणतात. येथील जमीन काळीभोर, खोल आणि पाहताक्षणी सुपीक वाटणारी. परंतु विहीर खणली की पाणी खारे लागते. ते पिकाला दिले तर जमीन चिबड होते, आणि पिण्यासाठी वापरले तर शरीराला सोसत नाही. शेकडो गावांच्या अनेक पिढ्या या पाण्याशी झगडत आल्या आहेत. वान धरणातून आलेल्या नळयोजनेसारख्या योजनांमुळे काही भागांतील वणवण कमी झाली, तरी भूगर्भातील पाणी बदललेले नाही.

याच पट्ट्यात व त्याच्या कडेला दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर अशा ठिकाणी महाविद्यालये उभी आहेत. तेथील विज्ञान शाखेचा विद्यार्थी प्रयोगशाळेत बसून बाटलीतील अज्ञात क्षार ओळखतो, वहीत निष्कर्ष लिहितो आणि गुण मिळवतो. संध्याकाळच्या एस.टी.ने तो गावी परततो. घरच्या विहिरीच्या पाण्यात कोणता क्षार किती प्रमाणात आहे, हा प्रश्न मात्र तीन वर्षांत त्याला बहुधा कोणी विचारलेला नसतो. बाटलीतील क्षार हा अभ्यासक्रमाचा भाग आणि विहिरीतील क्षार हे नशीब, अशी विभागणी त्याच्या मनात नकळत होऊन जाते.

स्वतंत्र समाजात उच्च शिक्षणाचे प्रयोजन काय आणि त्यात सुधारणा कोणती हवी, या प्रश्नाची चर्चा अनेकदा मोठ्या शब्दांत होते. वऱ्हाडपुरता तो प्रश्न या बाटलीत आणि या विहिरीत सामावलेला आहे.

दार कोणासाठी उघडले

इंग्रजी अमदानीत वऱ्हाड हा कापसाचा मुलूख म्हणून ओळखला जाई. येथून कापूस बाहेर जाई, आणि मॅट्रिकपुढे शिकू पाहणारा मुलगाही बाहेर जाई. नागपूर, पुणे अथवा मुंबई गाठल्याशिवाय त्याला गत्यंतर नसे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर ते विदर्भ महाविद्यालय या नावाने नावारूपास आले. महाविद्यालय जवळ आले, तरी शेतकऱ्याच्या, मजुराच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातील मुलाला ते अद्याप दूरच होते. शहरात राहावे कोठे, जेवावे कोठे, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न होता.

या प्रश्नाला हात घातला डॉ. पंजाबराव देशमुख यांनी. २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला, आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर त्याने प्रबंध लिहिला. परत आल्यावर १९२७ साली त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले व त्याचे दार सर्व जातींच्या मुलांना उघडे ठेवले. अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा लढाही याच सुमाराचा. एका बाजूला देवळाचे दार आणि दुसऱ्या बाजूला वसतिगृहाचे दार. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. पुढे १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे वऱ्हाडभर पसरले.

वऱ्हाडच्या संतांनीही हेच सांगितले. गाडगे महाराजांनी शाळेचे तोंड फारसे पाहिले नव्हते. पण आपल्या कीर्तनांतून ते श्रोत्यांना विनवीत की, ताट नसले तर हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले, आणि २००५ साली त्याला संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. वऱ्हाडातील पहिले कॉलेज एका सम्राटाच्या नावाने निघाले आणि वऱ्हाडचे विद्यापीठ हाती खराटा घेतलेल्या एका फकिराच्या नावाने चालते. स्वातंत्र्याने काय बदलले हे सांगण्यास एवढी एक गोष्ट पुरे. नावाबरोबर कामही बदलले काय, हा पुढचा प्रश्न होय.

दार उघडण्याचे काम शासनानेही नेटाने चालविले. १९५९ साली त्यावेळच्या मुंबई राज्यात आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी मिळाली आणि खेड्यांतील हजारो मुले महाविद्यालयांत आली. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्काची पूर्ण सवलत देण्यात आली. ‘कोणी शिकावे’ या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडाने व महाराष्ट्राने पुष्कळ अंशी दिले आहे. ‘कशासाठी शिकावे’ या प्रश्नाचे उत्तर मात्र अद्याप द्यावयाचे आहे.

लोकविद्यापीठाचा प्रयोग

ते देण्याचा एक प्रयत्न अमरावतीतच झाला होता, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. स्वतंत्र भारतातील पहिल्या विद्यापीठ आयोगाने, म्हणजे १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने, ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. देशाची बहुसंख्य प्रजा खेड्यात राहते, तर उच्च शिक्षण तेथील जीवनातून का उगवू नये, असा त्यामागील विचार होता. त्यानुसार १९५६ साली केंद्र शासनाच्या साहाय्याने देशात निवडक ठिकाणी ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था सुरू झाल्या. महाराष्ट्रात एक कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीचे मौनी विद्यापीठ आणि दुसरे अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठ.

योजना मोठी विचारपूर्वक आखलेली होती. ग्रामसेवेचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम होता. सहकार, ग्रामीण अर्थशास्त्र, आरोग्य, समाजशिक्षण असे विषय होते. विद्यार्थ्याने वर्गात ऐकावे, खेड्यात जाऊन पाहावे, आणि पाहिलेले घेऊन पुन्हा वर्गात यावे, अशी अपेक्षा होती. आज ज्याला आपण क्षेत्रकार्य म्हणतो, ते येथे शिक्षणाचा कणाच होते.

तथापि देशभरातील या संस्थांपुढे लवकरच एकच अडचण उभी राहिली. या पदविकेला पदवीच्या तोलाची मान्यता प्रत्यक्षात सहज मिळेना. नोकरी देणारे पदवी मागत आणि पुढील शिक्षण देणारी विद्यापीठे हात आखडता घेत. ज्याच्या बापाने कर्ज काढून मुलाला शिकविले, त्याला हा प्रयोग परवडण्याजोगा नव्हता. विद्यार्थी पदवीकडे वळले, आणि कालांतराने यांतील बऱ्याच संस्था इतर महाविद्यालयांप्रमाणे विद्यापीठांना जोडल्या गेल्या अथवा त्यांनी आपले स्वरूप बदलले.

या इतिहासातून कोणी असा निष्कर्ष काढतात की, खेड्यातील लोकांना खेड्याचे शिक्षण नकोच असते. तो निष्कर्ष उथळ आहे. खेड्यातील पालकाचा हिशेब अचूक होता. शहरातील मुलाला पदवी आणि खेड्यातील मुलाला पदविका, ही वाटणी त्याला मान्य नव्हती; आणि स्वतंत्र समाजात ती मान्य होण्याचे कारणही नव्हते. प्रयोग चुकला तो शिक्षणाच्या आशयात चुकला नाही. त्या शिक्षणाला वेगळ्या आणि कमी मानल्या गेलेल्या प्रमाणपत्रात बसविले, तेथे तो चुकला. यातून मिळणारा धडा असा : गावासाठी निराळी पदवी नको, जी पदवी सर्वांना मिळते, तिच्यातच गाव आले पाहिजे.

अकोल्याचे उदाहरण

हे घडू शकते याचा पुरावा अमरावतीपासून शंभर किलोमीटरच्या आत, अकोल्यास आहे. विदर्भातील शेतीसाठी कृषि विद्यापीठ अकोल्यास व्हावे, या मागणीसाठी १९६७ साली वऱ्हाडात मोठे जनआंदोलन झाले व त्यात काहींना प्राणास मुकावे लागले. विद्यापीठासाठी शेतकऱ्यांनी रस्त्यावर यावे, ही घटना शिक्षणाच्या इतिहासात वेगळी होय. २० ऑक्टोबर १९६९ रोजी पंजाबराव कृषि विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

कृषि विद्यापीठांची घडण करतानाच त्यांच्यावर तीन कामे सोपविलेली असतात : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे शोधलेले ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे व बांधावरची अडचण प्रयोगशाळेत आणणे. अकोल्याच्या या विद्यापीठाची छोटी डाळ गिरणी हे त्याचे साधे उदाहरण. तूर आणि हरभरा पिकविणारा वऱ्हाडी शेतकरी धान्य विकून डाळ विकत घेत असे. गावातच डाळ करता यावी, एखाद्या बचत गटाला किंवा शिकलेल्या तरुणाला ते यंत्र झेपावे, अशा बेताने ही गिरणी तयार झाली आणि राज्याबाहेरही गेली. विद्यापीठाच्या शिवार फेरीत शेतकरी उभ्या पिकांतून हिंडतात आणि शास्त्रज्ञांना उलट प्रश्न विचारतात. तेथे विद्यापीठाची परीक्षा शेतकरी घेतो, असे म्हटले तरी चालेल.

कृषि विद्यापीठाने वऱ्हाडच्या शेतीचे सर्व प्रश्न सोडविले, असे मात्र कोणी म्हणणार नाही. कोरडवाहू कापसाचा शेतकरी आजही संकटात आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात कापसाचे मोठे नुकसान केले. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणा दाखविणारा रंगीत त्रिकोण असतो; लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. तो त्रिकोण वाचण्यास पदवी लागत नाही. परंतु पदवीधरांची वाण नसलेल्या मुलखात तो वाचून दाखविणारा माणूस फवारणीच्या वेळी बांधावर नव्हता, ही गोष्ट कृषि विद्यापीठाइतकीच कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांनाही विचार करावयास लावणारी आहे.

स्वतंत्र समाजात पदवीचा अर्थ

पारतंत्र्यात उच्च शिक्षणाचे प्रयोजन सरळ होते. राज्यकर्त्यांना कचेऱ्या चालविण्यासाठी माणसे हवी होती व शिकणाऱ्यांना नोकरी हवी होती. या चाकोरीतूनही थोर माणसे निपजली; पण ती चाकोरी मोडून. स्वतंत्र समाजात उच्च शिक्षणाची प्रयोजने तीन. ज्ञानाची जोपासना हे पहिले आणि उपजीविकेची पात्रता हे दुसरे. ही दोन सर्व देशांत, सर्व काळी असतात. तिसरे प्रयोजन स्वतंत्र समाजाचेच असते : स्वतःच्या बुद्धीने तपासून निर्णय घेणारा नागरिक घडविणे.

उपजीविकेचे प्रयोजन गौण मानण्याचे कारण नाही. ज्या घराने दोन एकर विकून मुलाला शिकविले, त्या घराला नोकरीविषयी विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. ‘शिक्षण नोकरीसाठी नसते’ हे वाक्य ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो, त्याने तरी उच्चारू नये. परंतु सरकारी जागा मोजक्या असतात, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करता करता अनेक तरुणांची उमेदीची वर्षे शहरातील अभ्यासिकांत निघून जातात. तरुण गावी परततो तेव्हा त्याच्याजवळ पदवी असते. पण गावाच्या कामी येईल असे कौशल्य नसते, आणि गावालाही त्याला कोणते काम द्यावे हे सुचत नाही. ही कोंडी त्या एकट्याची नव्हे. ज्ञान, उपजीविका आणि नागरिकत्व ही तीन प्रयोजने तीन दिशांना गेली म्हणजे हे घडते.

ती एकत्र कशी येतात, हे अचलपूर तालुक्यातील पायविहीर या आदिवासी गावाने दाखविले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. गावकऱ्यांनी उजाड रान राखले, वाढविले. २०१४ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या जैवविविधता पुरस्काराने त्यांच्या कामाची दखल घेतली. दाव्याची कागदपत्रे, हद्दीचे नकाशे, वनौपजाचा हिशेब आणि ग्रामसभेचे ठराव अशी अनेक कामे अशा गावापुढे येतात. वनस्पतिशास्त्र, भूगोल, वाणिज्य, कायदा आणि मराठी भाषा हे पाचही विषय तेथे एकाच वेळी लागतात. महाविद्यालयात हे विषय स्वतंत्र खोल्यांत शिकविले जातात. गावात ते एकाच सतरंजीवर बसतात.

सुधारणा कोठून सुरू व्हावी

शिक्षणसुधारणेचे विचार या देशाने कमी केलेले नाहीत. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शिक्षणाची सांगड राष्ट्रीय विकासाशी घातली. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्यानंतरच्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन व संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठांचे तिसरे अंग मानले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली, आणि क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण व समाजसहभाग यांना पदवीच्या श्रेयांकांत स्थान मिळाले. लोकविद्यापीठाला जे पदविकेत घालावे लागले होते, ते आता पदवीत आले आहे. साठ-सत्तर वर्षांनी आलेली ही संधी लहान नव्हे.

ती वाया जाण्याचा धोकाही तेवढाच आहे. क्षेत्रप्रकल्प म्हणजे चार छायाचित्रे, सरपंचाचा शिक्का आणि दुसऱ्याच्या अहवालाची नक्कल, अशी प्रथा पडण्यास वेळ लागत नाही. ती टाळावयाची तर तीन बाजूंनी काम व्हावयास हवे.

पहिली बाजू महाविद्यालयाची. प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातील एक प्रश्न निवडावा आणि तो वर्षानुवर्षे सोडू नये. खारपाणपट्ट्यातील रसायनशास्त्र विभागाने विद्यार्थ्यांच्या गावच्या विहिरींचे पाणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासावे. पाण्यातील क्लोराइडचे आणि कठीणपणाचे मापन हे पदवीच्या प्रात्यक्षिकांतीलच प्रयोग आहेत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घटकांची स्वीकार्य मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालते. आपल्या विहिरीचा आकडा यात कोठे बसतो, हे विद्यार्थ्याने वहीत लिहावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. दहा वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, तर शेततळी, पुनर्भरण आणि नळयोजना यांच्या आखणीस त्या मोलाच्या ठरतील. आणि विद्यार्थ्याला क्षार म्हणजे काय, हे जन्मभर विसरता येणार नाही.

दुसरी बाजू पंचायतीची. गावात काम शोधत येणाऱ्या विद्यार्थ्याला नुसता शिक्का देऊन वाटेला लावू नये. गावाकडे देण्यासारखी कामे पुष्कळ आहेत. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी करावा लागतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पंचायतीचा जमाखर्च सोप्या मराठीत मांडून फळ्यावर लावला, तर ती लेखापरीक्षण शिकेल आणि गाव प्रश्न विचारू लागेल. तिचे प्रश्न अडचणीचे वाटले, तरी ते ऐकून घेण्याची तयारी पंचायतीने ठेवावी. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला गप्प बसविणारे गाव महाविद्यालयाला दोष देण्याचा अधिकार गमावून बसते.

तिसरी बाजू शासनाची व विद्यापीठाची. वर्षभर गावाशी नाते ठेवण्यास वर्षभर टिकणारा शिक्षक लागतो. आज अनेक महाविद्यालयांत पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर काम चालते. तासाच्या हिशेबाने मोबदला घेणाऱ्या माणसाकडून तासाबाहेरचे काम अपेक्षिणे न्यायाचे नव्हे. पदे भरणे, क्षेत्रकार्यासाठी शिक्षकाच्या कामाचे तास मोजणे आणि परीक्षेत त्या कामाला खरे वजन देणे, या गोष्टी झाल्या तरच बाकीचे शक्य आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भासाठी तांत्रिक शिक्षण व व्यवसायप्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आहे. सोयींची ही मोजदाद इमारतींबरोबर माणसांचीही व्हावी.

यात स्वातंत्र्याचा एक मुद्दा अंतर्भूत आहे. विहिरीचे पाणी तपासल्यावर जो आकडा येईल, तो कोणाला आवडो वा न आवडो, जसाच्या तसा सांगण्याची मोकळीक शिक्षकाला व विद्यार्थ्याला असली पाहिजे. विद्यापीठाच्या स्वायत्ततेचा सर्वसामान्य माणसाला कळणारा अर्थ हाच.

वऱ्हाडाने शंभर वर्षांत महाविद्यालयाचे दार उघडून दाखविले. पापळचा मुलगा विलायतेस गेला आणि परत आला. त्याच्या परत येण्याने वऱ्हाडचे शिक्षण घडले. आज गावोगावची मुले-मुली रोज सकाळी एस.टी.ने महाविद्यालयात जातात आणि संध्याकाळी परत येतात. जाताना त्यांच्या पिशवीत गावच्या विहिरीच्या पाण्याची एक बाटली असावी, आणि येताना तिच्यातील क्षाराचा आकडा असावा. तेवढी सुरुवात येत्या सत्रापासून करण्यास कोणत्याही नव्या आयोगाची गरज नाही.